जुनं घर घेताना: पायाभोवती पाण्याच्या निचऱ्याची सोय आहे का, हे कसं ओळखायचं?

केतकीबन

नमस्कार मंडळी,

टोरोंटोच्या स्कारबरो भागात आम्ही एक घर बघितलंय. १९५६ सालचा एकमजली विटांचा बंगला, मागच्या बाजूला नंतर कधीतरी वाढवलेली खोली आणि खाली पूर्ण बेसमेंट. घर मनात भरलंय. पुढच्या उन्हाळ्यात आई-बाबा येतील तेव्हा त्यांची खोली बेसमेंटमध्येच असणार आहे, आणि बाबांना दमा आहे. तिथे ओल असेल तर हे घर कितीही आवडलं तरी आम्हाला नको.

जे दिसलं ते सांगते. बेसमेंटच्या भिंतींना नुकताच पांढरा रंग दिलाय. फर्नेसच्या (घर गरम करणाऱ्या यंत्राच्या) मागे मात्र रंगाचा ब्रश पोचलेला नाही. तिथे काँक्रीट ब्लॉकची भिंत उघडी आहे आणि खालच्या दोन थरांवर पांढरी भुकटी बसलीये. हात लावला की बोटांना लागते. एका कोपऱ्यात संप पिट (पाणी साठवून पंपाने उपसायचा खड्डा) आहे, त्यावर झाकण. बाहेर छताच्या पन्हळीचे दोन पाइप सरळ जमिनीत गेलेत.

एजंट म्हणतो, "संप पंप आहे म्हणजे फाउंडेशन ड्रेनेज आहेच, काळजी करू नका." नवरा म्हणतो, दुसऱ्याचं घर आहे, आपण खणून थोडंच बघणार? ऑफर इन्स्पेक्शनच्या अटीवर दिलीये, हातात थोडेच दिवस आहेत. न खणता काय काय तपासता येईल?

एडिसनकर

अभिनंदन! आधी चांगला इन्स्पेक्टर गाठा. पण एक लक्षात ठेवा, होम इन्स्पेक्टर डोळ्यांना दिसतं तेवढंच लिहितो. जमिनीखालच्या पाइपबद्दल त्याच्या रिपोर्टमध्ये बहुतेक "तपासता आलं नाही" असंच वाक्य येतं. आमच्या न्यू जर्सीत तरी हाच अनुभव. संप पंप आहे ही जमेची बाजू, असं मला वाटतं. जाणकार सांगतीलच.

मुरूम

केतकीबन, मी ओंटारियोत सिव्हिल इंजिनीअर आहे, पायाच्या दुरुस्तीचीच कामं करतो. जरा सविस्तर लिहितो, कारण घर हातचं जाईल म्हणून लोक हा प्रश्न विचारायचाच टाळतात आणि पुढे त्याची मोठी किंमत मोजतात.

एजंटचं म्हणणं खरं असेलच असं नाही. संप पिट म्हणजे जमिनीत केलेला खड्डा. त्यात पायाभोवतीच्या पाइपचं पाणी येत असेल तर ते फाउंडेशन ड्रेनेज. काही घरांत फरशीखाली साठणारं पाणी उपसायला नुसताच खड्डा खणून पंप सोडलेला असतो, त्याला एकही पाइप जोडलेला नसतो. वरून दोन्ही सारखेच दिसतात.

आधी हा निचरा असतो कुठे ते सांगतो. पायाच्या फुटिंगला, म्हणजे भिंतीखालच्या रुंद काँक्रीटच्या बैठकीला लागून, घराला वळसा घालून एक सच्छिद्र पाइप टाकलेला असतो. इथे त्याला सगळे वीपिंग टाइल म्हणतात. ओंटारियोच्या कोडप्रमाणे पाइप किमान १०० मिमी व्यासाचा लागतो, त्याचा माथा बेसमेंटच्या फरशीच्या काँक्रीट स्लॅबच्या तळाच्या खाली असावा लागतो, आणि वर व बाजूंनी किमान १५० मिमी स्वच्छ खडी लागते. मातीतलं पाणी भिंतीवर दाब टाकण्याआधी खडीतून पाइपात उतरतं. हा दाब मामुली नाही. भिंतीबाहेर एक मीटर उंचीचं पाणी साठलं तर तळाशी दर चौरस मीटरला जवळजवळ एक टन भार येतो.

तुमचं घर १९५६ चं. त्या काळी भाजलेल्या मातीचे आखूड पाइप एकापुढे एक मांडत, मध्ये बोटभराहून कमी फट ठेवत, आणि फटीवर डांबरी कागद टाकत. माती आत जाऊ नये आणि पाणी जावं, एवढीच त्यामागची युक्ती. प्लॅस्टिकचे वळ्यावळ्यांचे काळे पाइप सत्तरच्या दशकापासून सर्रास आले. टोरोंटोच्या जुन्या वस्तीत दुसऱ्या महायुद्धाआधीची घरं आहेत, त्यांतल्या कित्येकांना असा पाइप कधी नव्हताच. तेव्हा तुमच्या घराला मूळ मातीचे पाइप असण्याची शक्यता चांगली आहे. पण ते आता सत्तरीला आलेत. गाळ भरणं, झाडांची मुळं फटींतून आत शिरणं, तुकडे खचणं, हे सगळं इतक्या वर्षांत होतं.

म्हणून "आहे का?" एवढं विचारून थांबू नका. पायाजवळचं पाणी शेवटी जातं कुठं, ते शोधा. जाण्याची जागा सापडली की पाइप आहे की नाही याचं उत्तर बहुतेक वेळा आपोआप मिळतं. जागा सापडलीच नाही, तर निचरा नाही असं धरून चाला.

जागा तीनच असू शकतात. संप पिट, नगरपालिकेच्या ड्रेनला गेलेली जोडणी, नाहीतर प्लॉटला उतार असेल तर खालच्या बाजूला उघडं तोंड. स्कारबरोच्या सपाट प्लॉटवर तिसरी शक्यता कमी.

परत जाल तेव्हा मालकाची परवानगी घेऊन पिटचं झाकण उघडा आणि चांगला टॉर्च आत मारा. पाण्याकडे बघू नका, खड्ड्याच्या कडांकडे बघा. बाजूने चार इंची पाइपचं तोंड आत येतंय का? एक की दोन? लाल मातीचं की काळं प्लॅस्टिकचं? तोंडाच्या खालच्या ओठाला ओला गाळ किंवा पाण्याची रेघ दिसली तर तिथून पाणी येतं. पाइप आहे पण तोंड कोरडं ठणठणीत आणि कोळ्याची जाळी, तर पाइप बुजला असेल किंवा पाणी दुसरीकडेच जात असेल. नारिंगी रंगाचा बुळबुळीत थर दिसला तर फोटो काढून इथे टाका. ते लोहाच्या जिवाणूंचं काम असतं आणि ते पाइप भराभर बुजवतात.

चाफा_ओटावा

झाकण उघडायच्या आधी एक. काही घरांत ते झाकण रेडॉनसाठी (जमिनीतून घरात शिरणारा किरणोत्सारी वायू) सील केलेलं असतं आणि त्यातूनच पाइप वर छताकडे गेलेला असतो. तसं असेल तर स्वतः उचकटू नका, मालकाकडून करून घ्या. कॅनडात रेडॉनची मार्गदर्शक मर्यादा २०० बेकरेल प्रति घनमीटर आहे. आई-बाबा बेसमेंटमध्ये झोपणार म्हणून ही चाचणीही करून घ्याच.

एडिसनकर

चाफा, बरोबर. अमेरिकेत ४ पिकोक्युरी प्रति लिटरच्या वर गेलं की उपाय करा असं सरकारी पर्यावरण संस्था ईपीए सांगते. आमच्याकडे रेडॉनवाल्याने पायाभोवतीच्या ड्रेनच्या पाइपलाच पंखा जोडून हवा ओढली. म्हणजे आमच्या घराला आतून सलग निचरा आहे हे आम्हाला रेडॉनवाल्याकडून कळलं!

पावशेर

एवढा खटाटोप कशाला? आतून चांगला वॉटरप्रूफ रंग दोन हात मारायचा. आमच्या मित्राने केलंय, भिंत कोरडी आहे.

मुरूम

पावशेर, तुमच्या मित्राची भिंत कोरडी असेल तर आनंदच आहे. पण केतकीबननी वर्णन केलेली भिंत पोकळ काँक्रीट ब्लॉकची आहे. बाहेरचं पाणी ब्लॉकच्या पोकळीत शिरतं आणि तिथेच साठतं. आतून रंग मारला की ते खोलीत दिसत नाही, पण भिंतीत असतंच. थोड्या वर्षांत रंगाला फुगे येतात आणि पोपडे सुटतात. बाहेरचा दाब तसाच राहतो. फर्नेसमागची पांढरी भुकटी म्हणजे आपल्याकडे भिंतीला लोणा लागतो ना, तोच. पाणी भिंतीतून येताना सिमेंटातले क्षार घेऊन येतं, पाणी उडून जातं, क्षार राहतात. त्या भिंतीतून कधीतरी पाणी गेलंय एवढं त्यातून नक्की कळतं. आत्ता जातंय का, ते मात्र कळत नाही.

ते पारखायचा सोपा उपाय: दोन-अडीच फूट लांब-रुंद प्लॅस्टिक उघड्या भिंतीवर चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. प्लॅस्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला ओल आली तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला थेंब धरले तर तो हवेतला दमटपणा, त्यावर डीह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढणारं यंत्र) चालतो. मालक हो म्हणाला तर हे जरूर करा, फुकट आहे.

सांजवारा

मी मिसिसागात राहते. ८ जुलै २०१३ ला पिअरसन विमानतळावर १२६ मिमी पाऊस झाला तेव्हा आमच्या बेसमेंटमध्ये पाणी आलं, आणि १६ जुलै २०२४ ला जवळपास ९८ मिमी झाला तेव्हा पुन्हा. दुसऱ्या वेळचं सांगते, कारण ते या धाग्याशी जुळतं.

पहिल्या पुरानंतर आम्ही एका कंत्राटदाराकडून बॅकवॉटर व्हॉल्व्ह बसवून घेतला. गटाराचं पाणी उलटं येऊ लागलं की झडप आपोआप बंद होते. २०२४ ला ती बंदही झाली, गटाराचं पाणी अजिबात आलं नाही. तरी फ्लोअर ड्रेनमधून (बेसमेंटच्या फरशीतल्या पाणी जायच्या तोंडातून) पाणी वर येतच राहिलं. स्वच्छ पाणी, कसलाही वास नाही. नंतर कळलं की आमचं वीपिंग टाइल घराच्या सांडपाण्याच्या पाइपलाच जोडलेलं आहे, तेही झडपेच्या अलीकडे. झडप बंद, पायाभोवतीचं सगळं पाणी पाइपात, बाहेर जायला वाट नाही, म्हणून ते आमच्याच फ्लोअर ड्रेनमधून आमच्याच घरात आलं. बसवणाऱ्याने आधी कॅमेरा घालून बघितलं असतं तर हे तेव्हाच समजलं असतं.

केतकीबन, त्या घराला बॅकवॉटर व्हॉल्व्ह आहे का तेही बघा. जमिनीत प्लॅस्टिकचं चौकोनी किंवा गोल झाकण असतं, बहुतेक पुढच्या भिंतीजवळ.

मुरूम

सांजवारा, फार मोलाचं लिहिलंत. पन्नास-साठच्या दशकात इथे बांधकाम करताना वीपिंग टाइल स्टॉर्म (पावसाच्या पाण्याच्या) किंवा सॅनिटरी (सांडपाण्याच्या) पाइपला जोडून टाकणं हीच रीत होती. मोठ्या पावसात रस्त्याखालचं गटार तुडुंब भरतं आणि त्याच पाइपने पाणी उलटं तुमच्या पायापाशी येतं. निचऱ्यासाठी टाकलेला पाइप त्या वेळी पायाला पाणी पुरवतो. उपाय असा की ती जोडणी तोडून तोंड बंद करायचं, वीपिंग टाइल संप पिटमध्ये आणायचं आणि पंपाने पाणी अंगणात, भिंतीपासून लांब सोडायचं. टोरोंटो महापालिका व्हॉल्व्ह, संप पंप आणि ही जोडणी तोडणं या तिन्ही कामांना अनुदान देते. अटी बदलत असतात, म्हणून काम सुरू करण्याआधी महापालिकेच्या साइटवर वाचा.

पन्हळीचे पाइप जमिनीत गेलेत म्हणालात, ती मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट. हजार चौरस फुटांच्या छतावर २५ मिमी पाऊस पडला तर सुमारे २,३०० लिटर पाणी होतं. ते जमिनीखाली फुटक्या पाइपातून थेट पायापाशी जात असेल तर कुठलाही वीपिंग टाइल पुरा पडायचा नाही. टोरोंटोत छताचं पाणी गटाराला जोडायला आता बंदी आहे, अपवाद फक्त मंजुरी घेतलेल्यांना. म्हणजे या मालकाला तो पाइप कापून पाणी जमिनीवर सोडायला हवं होतं. अंगणात ते न केलेलं दिसलं, की जमिनीखालचंही कोणी बघितलं नसेल असं मी समजतो.

टेकडी

मी सिॲटलला. इथे शहराकडे घरागणिक साइड सूअरची (घरापासून रस्त्याच्या गटारापर्यंतच्या पाइपची) कार्डं असतात, हाताने काढलेले जुने नकाशे, आणि ती ऑनलाइन बघता येतात. घर घेताना आम्ही पहिलं ते उघडलं. आमच्या कार्डावर घराभोवती तुटक रेघ आणि एका कोपऱ्यातून रस्त्याकडे जाणारी रेघ होती, तोच फुटिंग ड्रेन. तुमच्याकडेही महापालिकेकडे परमिटचे जुने कागद मिळतील. मागची खोली वाढवताना परमिट काढलं असेल तर नकाशात निचरा दाखवलेला असू शकतो.

आमचा प्लॉट उताराचा आहे. खालच्या कुंपणापाशी नेच्याच्या झुडपात जाळी लावलेलं पाइपचं तोंड सापडलं. नवऱ्याने वरच्या बाजूला भिंतीलगत बागेचा होज अर्धा तास सोडला, मी खाली तोंडापाशी बसले. पाणी आलं, आधी गढूळ, मग निवळ. इन्स्पेक्टरच्या पानभर रिपोर्टपेक्षा तेवढ्याने माझी खात्री पटली.

मुरूम

टेकडी, होजची परीक्षा उत्तमच. केतकीबन, तुम्हीही करू शकता, पण जपून. दुसऱ्याचं घर आहे, भिंतीला तडा असेल तर पाणी आत येईल. मालकाला सांगून, एका वेळी एकाच बाजूला, आणि आत एक माणूस पिटपाशी उभा करून. पाणी पिटमध्ये आलं नाही तर लगेच "निचरा नाही" म्हणू नका. पाणी स्टॉर्म ड्रेनकडे जात असेल. तेव्हा फ्लोअर ड्रेनचं झाकण उचलून कान द्या, पाणी वाहतं असेल तर ऐकू येतं. प्लंबर होजच्या पाण्यात हिरवा रंग सोडतो आणि तो कुठे निघतो ते बघतो, म्हणजे संशय राहत नाही. काही नगरपालिका गटारांत धूर सोडूनही तपासतात. भिंतीलगतच्या मातीतून धूर निघाला की वीपिंग टाइल त्या गटाराला जोडलेलं आहे हे सिद्ध होतं.

कुडाळची_माई

वाचतेय. एक विचारू का? आमच्या गावच्या घराला हे लागू होतं का? चिऱ्याचं घर, मागे डोंगर उतरतो. पावसात मागच्या खोलीच्या भिंतीला कमरेइतकी ओल चढते.

मुरूम

माई, आपल्याकडे बेसमेंट नसतं, घर जोत्यावर असतं, म्हणून असा पाइप घालायची रीत नाही. पण तुमची मागची खोली डोंगर कापून केलेली असेल तर तिच्या भिंतीबाहेर माती टेकलेली असणार, आणि तिथे प्रश्न तोच. चिरा पाणी पितो. दोन गोष्टी बघा. मागच्या भिंतीबाहेर घळ मोकळी आहे का, की दरवर्षीची माती आणि पाचोळा साठून जोत्याच्या वर आलाय? आणि डोंगराकडचा बांध असेल तर त्यात पाणी निघायला ठेवलेली भोकं उघडी आहेत का? भर पावसात छत्री घेऊन पाच मिनिटं मागे उभं राहा. भोकांतून पाणी वाहत नसेल आणि भिंत ओली असेल तर भोकं बुजलीत. पागोळ्यांचं पाणीही जोत्यापाशी न मुरता गटारीने पुढे गेलं पाहिजे.

कुडाळची_माई

माती साठलीये खरी, खिडकीच्या खालपर्यंत. यंदा मे महिन्यात गडी लावून काढून घेते. देव तुमचं भलं करो.

केतकीबन

सगळ्यांचे मनापासून आभार. काल पुन्हा जाऊन आलो. मालकीणबाई वयस्कर आहेत, त्यांनी हवं ते बघू दिलं.

पिट: दोन तोंडं आहेत. एक काळं प्लॅस्टिकचं, मागच्या वाढवलेल्या खोलीच्या बाजूने येणारं. त्याच्या ओठाला ओला गाळ. दुसरं लालसर मातीचं, पुढच्या भिंतीकडून. आत टॉर्च मारला तर हातभर अंतरावर मुळांचा झुपका दिसला, केसांसारखा बारीक. नारिंगी थर नाही.

फरशी: मागच्या भिंतीलगत फूटभर रुंदीचा सिमेंटचा पट्टा वेगळ्या रंगाचा आहे. बाकी तीन बाजूंना नाही.

बाहेर: मागच्या खोलीच्या भिंतीला मातीच्या वर काळ्या गाठीगाठींच्या प्लॅस्टिकची कड दिसते. जुन्या घराच्या भिंतींना नाही. उत्तरेकडे जमिनीचा उतार घराकडेच आहे. पुढच्या अंगणात भिंतीपासून थोड्याच अंतरावर मोठा मेपल.

बाईंना विचारलं, पाणी कधी आलं होतं का? म्हणाल्या, मागच्या खोलीच्या कामानंतर तिकडे नाही, पण वसंतात बर्फ वितळतं तेव्हा फर्नेसच्या बाजूला फरशी ओली होते. खरं सांगितलं त्यांनी. रंग त्यांच्या मुलाने दिलाय.

मुरूम

उत्तम निरीक्षण. इंजिनीअरच्या तोडीचं काम केलंत. माझा अंदाज सांगतो.

मागच्या बाजूला आतून निचरा केलाय. फरशीचा वेगळ्या रंगाचा पट्टा त्याचीच खूण: स्लॅब फोडून पाइप टाकला आणि वर नवं सिमेंट केलं. पाणी भिंतीला न भिडता खाली उतरावं म्हणून लावतात ते गाठींचं प्लॅस्टिकही त्या बाजूला बाहेरून आहे, म्हणजे तिकडचं काम विचारपूर्वक झालंय. पुढची बाजू मूळ मातीच्या पाइपवर आहे आणि मेपलची मुळं त्यात शिरलीत. फर्नेसची बाजू कुठल्या पाइपवर आहे, हेच कळायचं राहिलंय, आणि ओल नेमकी तिथेच आहे.

आता प्लंबरकडून कॅमेरा घालून घ्या. पिटमधल्या मातीच्या पाइपातून आणि फ्लोअर ड्रेनमधून, दोन्हीकडून. व्हिडिओ मागून घ्या, नुसता रिपोर्ट नको. कॅमेऱ्याचं डोकं जमिनीवरून शोधायचं यंत्र त्यांच्याकडे असतं, तेव्हा पाइप जिथे संपतो तिथे अंगणात खूण करायला सांगा. मुळांमुळे कॅमेरा पुढे गेला नाही तर तेही उत्तरच आहे.

दर्यावर्दी

व्हँकुव्हरहून. इथे याला पेरीमीटर ड्रेन म्हणतात आणि घर विकताना हा प्रश्न हमखास निघतो. एक सूचना: कॅमेऱ्याच्या आधी प्लंबर दाबाच्या पाण्याने पाइप धुवायला बघतात. जुन्या मातीच्या पाइपला जास्त दाब दिला तर तुकडे सरकतात. आधी कॅमेरा, मग धुणं. आणि मालकाच्या लेखी परवानगीशिवाय काहीच नको.

एडिसनकर

आमच्याकडे २०२१ च्या सप्टेंबरमध्ये आयडा वादळाचा पाऊस झाला, नेवार्कला एका दिवसात ८ इंचांहून जास्त. त्यानंतर न्यू जर्सीत कायदा झाला, आणि २०२४ पासून घर विकणाऱ्याला पुराची माहिती लेखी द्यावी लागते. बेसमेंटमध्ये पाणी आलं होतं का, संप पंप आहे का, हे प्रश्न त्या फॉर्मवर आहेत. तुमच्या बाईंनी तोंडी सांगितलंय ते वकिलाकरवी कागदावर घ्या.

इन्शुरन्सचंही बघा. गटार उलटून आलेल्या पाण्यासाठी वेगळं कलम विकत घ्यावं लागतं, आणि भिंतीतून हळूहळू झिरपणारं पाणी साधारणपणे कशातच बसत नाही.

केतकीबन

कॅमेरा झाला. ऑफरची मुदत दोन दिवसांनी वाढवून मिळाली.

पुढचा मातीचा पाइप सहा-सात फुटांवर मुळांनी पूर्ण बंद. फ्लोअर ड्रेनमधून गेल्यावर एक फाटा सापडला, तो फर्नेसच्या भिंतीकडे जातो. म्हणजे त्या बाजूचं जुनं वीपिंग टाइल सांडपाण्याच्या पाइपला जोडलेलं आहे, सांजवारांच्या घरासारखंच. फाट्यात गाळ अर्ध्यापर्यंत. बॅकवॉटर व्हॉल्व्ह नाही. पन्हळीचा एक पाइप जमिनीत तीन फुटांवर तुटलेला, बरोबर फर्नेसच्या भिंतीबाहेर.

आता प्रश्न: घर सोडावं का? आणि घेतलं तर बाहेरून खणावं की आतून करावं?

सांजवारा

मी घेतलं असतं. आता तुम्हाला सगळं माहीत आहे, आणि मालकीण खरं बोलल्या. पण पैसे कमी करून घ्या. आणि आमच्यासारखा नुसता व्हॉल्व्ह बसवू नका!

मुरूम

घर सोडण्यासारखं यात काही नाही. भिंतीला आडवा तडा किंवा आत आलेला फुगवटा असता तर मी नको म्हणालो असतो. तुम्ही लिहिलेलं नाही म्हणजे नसावा, तरी इन्स्पेक्टरला फर्नेसमागे लांब पट्टी उभी-आडवी धरून बघायला सांगा.

क्रम असा ठेवा. घर ताब्यात आल्याच्या पहिल्या आठवड्यात पन्हळीचे पाइप कापून पाणी भिंतीपासून किमान सहा फूट लांब सोडा. उत्तरेकडे माती भरून उतार बाहेरच्या दिशेने करा. अमेरिकेतल्या कोडचं माप सोपं आहे, दहा फुटांत सहा इंच. माती विटांच्या वर किंवा खिडकीच्या कडेवर चढवू नका. एवढ्यानेच फर्नेसजवळची ओल पुष्कळ कमी झालेली दिसेल, कारण तुटलेला पाइप तिथेच पाणी ओततोय.

मग खणायचं. आत की बाहेर, यावर माझं मत ठाम आहे: आई-बाबा राहणार आहेत त्या बाजूच्या भिंती बाहेरून करा. आतून केलेला निचरा पाणी भिंत ओलांडून आल्यावर पकडतो, म्हणजे भिंत ओलीच राहते, आणि दम्याच्या माणसाला ओल्या भिंतीची बुरशी त्रास देते. बाहेरून केलं की भिंत साफ होते, तिच्यावर लेप आणि गाठींचं प्लॅस्टिक बसतं, नवा पाइप खडीत बसतो. महाग पडतं, दोन बाजूंचं काम दहा हजार डॉलरच्या पुढेच जाईल. पुढच्या बाजूला मेपल आहे. खणून त्याची मुळं तोडायची नसतील तर तिकडे आतून केलं तरी चालेल. टोरोंटोत ठरावीक जाडीपेक्षा मोठ्या झाडाला धक्का लावायला परवानगी लागते, ते आधी विचारा.

सांडपाण्याचा फाटा तोडून बंद करणं, नवा पाइप पिटमध्ये आणणं आणि मग व्हॉल्व्ह, हे एकाच प्लंबरकडून आणि याच क्रमाने. पंपाला बॅटरीची जोड हवी. मोठ्या वादळात वीज जाते तेव्हाच पंपाची गरज असते.

पावशेर

बरीच माहिती मिळाली. मित्राला धागा पाठवतो, त्याच्या भिंतीवर प्लॅस्टिक लावून बघायला सांगतो.

केतकीबन

मालकीणबाईंच्या मुलाने कॅमेऱ्याचा व्हिडिओ बघून किंमत कमी केली. आज अटी काढल्या, घर आमचं झालं. बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, ओल नीट गेली की मगच येतो, घाई करू नका.

मुरूम, शेवटचं विचारते. खोदकाम कधी करावं आणि आम्ही स्वतः कशावर नजर ठेवायची?

मुरूम

अभिनंदन! जमीन गोठायच्या आत, ऑगस्ट ते ऑक्टोबर. कुदळ लावण्याआधी ओंटारियो वन कॉलला कळवा. गॅस आणि विजेच्या लाइनच्या खुणा ते फुकट करवून देतात, आणि कंत्राटदार "मला माहीत आहे" म्हणाला तरी हे करायचंच. एका दिवशी सगळी भिंत उघडी पाडू देऊ नका, टप्प्याटप्प्याने. फुटिंगच्या खाली खणू देऊ नका, पाया खचतो.

माती परत लोटायच्या आधी कामाच्या जागी स्वतः उतरा. पाइप फुटिंगच्या माथ्यावर टाकलाय की बाजूला, ते बघा; बाजूलाच हवा. पिटकडे उतार आहे का, खडी सर्व बाजूंनी आहे का, खडीवर फिल्टरचं कापड आहे का. कोपऱ्यावर उभा पाइप सोडून क्लीनआउट (पाइप तपासायला-साफ करायला वरून तोंड) ठेवायला सांगा, म्हणजे पुढे कॅमेरा घालायला खणावं लागणार नाही. प्रत्येक बाजूचे फोटो मोजपट्टी धरून काढा आणि घराच्या कागदपत्रांत ठेवा. बादलीभर पाणी लांबच्या टोकाला ओता आणि पिटमध्ये येईपर्यंत थांबा. ते आल्याशिवाय माती लोटू देऊ नका आणि शेवटचा चेकही देऊ नका.